रुपयावरचा अंगठा

बाई येणार म्हणून अण्णांनी रुपया मुद्दाम उजळून ठेवला होता. आदल्या रात्री रिठ्याच्या पाण्यात भिजवला, सकाळी मऊ ब्रशने घासला, वर पांढऱ्या पावडरीचा हात फिरवला आणि लाल मखमलीच्या तुकड्यावर ठेवून त्यांच्यासमोर सरकवला. नाणं आरशासारखं लखलखत होतं. बाईंनी ते कडेने उचललं, डोळ्याला भिंग लावलं, दिव्याखाली थोडं तिरपं धरून फिरवलं आणि काही न बोलता परत मखमलीवर ठेवलं.

"अण्णा, हे का केलंत?"

अण्णांना प्रश्नच कळला नाही. पेणच्या बाजारपेठेत त्यांच्या घराण्याचं सराफी दुकान तिसऱ्या पिढीत चाललंय. गिऱ्हाईक चांदी मोडीत घालायला येतं तेव्हा तोडे, वाळे, फुलपात्रं यांच्याबरोबर एखादा राणीछाप किंवा राजाछाप रुपयाही काट्यावर येतो. तो अण्णा भट्टीला पाठवत नाहीत, बाजूला काढून ठेवतात. रोह्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई महिन्या-दोन महिन्यांनी दिवा जंक्शनकडे जाणारी मेमू पकडून पेणला उतरतात, साठलेले रुपये बघतात, हवे ते घेऊन जातात. सगळे त्यांना अण्णा आणि बाई म्हणतात, ते एकमेकांनाही तेच म्हणतात. या देवघेवीत कधी वाद झाला नव्हता. या श्रावणात झाला आणि दुपारभर चालला.

रुपया १९११ सालचा होता. नाणी जमवणारे त्याला डुक्कर रुपया म्हणतात. पंचम जॉर्ज गादीवर आल्यावर निघालेल्या या पहिल्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरच्या नक्षीत एक चिमुकला हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, सरकारने नाणी मागे घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२ च्या रुपयावर सोंड नीट लांब काढली. म्हणून १९११ चा रुपया संग्राहकाला हवा असतो, आणि त्याच्याही आधी हवा असतो तो अंगरख्यावरचा हत्ती, जसा साच्यातून उतरला तसा.

"भिंगातून बघा," बाई म्हणाल्या. "सोंडेची कड होती तिथे आता नुसता गोल फुगवटा आहे. आणि मोकळ्या जागेवर सगळीकडे एकाच दिशेच्या बारीक रेघा. तुमच्या ब्रशच्या."

अण्णांनी बघितलं. रेघा दिसल्या. पण त्यांनी कपाटातून वही काढली. मोडीत आलेल्या प्रत्येक नगाचं वजन त्यात पेन्सिलीने लिहिलेलं असतं. या रुपयासमोर होतं ११.६१ ग्रॅम. त्यांनी नाणं काट्यावर ठेवलं. ११.६१.

"गुंजभरसुद्धा कमी झालं नाही," ते म्हणाले. "माझ्या हातून चांदी गेली असती तर काट्याने सांगितलं असतं. चांदीचा हिशेब वजनावर चालतो, बाई. हा रुपया टांकसाळीतून निघाला तेव्हा ११.६६ ग्रॅमचा होता, म्हणजे सरकारी एक तोळा. आज आम्ही दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, तेव्हा बंदा रुपया हाच तोळा होता. त्यातले पाच शतांश ग्रॅम शंभर वर्षं लोकांच्या कनवटीला झिजले. माझ्या ब्रशने किती घेतलं? काही नाही."

हा मुद्दा साधा नाही. काटा खोटं बोलत नाही, आणि अण्णांचं सगळं शहाणपण त्या काट्यावर उभं आहे. बाईंनाही उत्तर द्यायला क्षणभर थांबावं लागलं.

"काट्याला जे कळत नाही ते उजेडाला कळतं," त्या म्हणाल्या आणि पर्समधून स्वतःचा एक रुपया काढला. तोही पंचम जॉर्जचाच, पण न घासलेला. त्यावर हलकी सोनेरी छटा होती. त्यांनी तो दिव्याखाली हळूहळू फिरवला. उजेडाचे दोन पट्टे नाण्याच्या मधून निघून काठाकडे रुंद होत गेले आणि गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरले. मग त्यांनी अण्णांचा रुपया तसाच फिरवला. तो सगळीकडून सारखाच चमकला. काहीही फिरलं नाही.

कारण छापण्याच्या पद्धतीत आहे. टांकसाळीत चांदीची कोरी चकती दोन साच्यांमध्ये दाबली जाते तेव्हा धातू क्षणभर लोण्यासारखा वागतो आणि मधून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात. उजेड त्यांच्यावरून परततो तेव्हा ते फिरणारे पट्टे दिसतात. संग्राहक ज्याला मूळ झळाळी म्हणतात ती हीच. या रेघांची उंची इतकी कमी असते की त्या सगळ्या खरवडून काढल्या तरी दुकानातल्या काट्यावरचा आकडा हलणार नाही. पण एकदा गेल्या की जगातला कुठलाही कारागीर त्या परत आणू शकत नाही. घासलेली चांदी चमकते, पण ती चमक ब्रशने दिलेली असते. टांकसाळीने दिलेली तेवढ्यात गेलेली असते.

अण्णांनी दोन्ही नाणी स्वतः फिरवून पाहिली. एकदा, दोनदा. चाळीस वर्षं रुपये हाताळून हा फिरणारा उजेड आपण कधी शोधला नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण सराफ इतक्यात मान्य करत नाही, करूही नये.

"मग घरात काय करायचं?" त्यांनी विचारलं. "लक्ष्मीपूजनाला ताम्हनात ठेवतो ते रुपये काळे ठेवायचे? आमच्याकडे धनत्रयोदशीच्या आधी आठवडाभर नुसती रांग असते. कुणी निरांजन आणतं, कुणी अत्तरदाणी, कुणी आजीचे पाच रुपये. काळवंडलेली चांदी देवापुढे ठेवायची नाही, हे काही मी शिकवलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या सासूने शिकवलंय."

पूजेतल्या रुपयाबद्दल बाईंची तक्रार नव्हती. त्यांच्या स्वतःच्या देवघरात दोन राणीछाप आहेत, दरवर्षी पंचामृताने न्हातात, हळदीकुंकवाने भरतात आणि राखेने घासून परत डब्यात जातात. राणीचं नाक केव्हाच सपाट झालंय. "ते नाणं राहिलं नाही, लक्ष्मी झाली," त्या म्हणाल्या. "तिला घासा. पण पूजेचा रुपया आणि संग्रहाचा रुपया एका डब्यात ठेवू नका, एवढंच म्हणणं आहे."

या एका वाक्यात खरं तर अर्धा वाद मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण अण्णांच्या पोटात दुसरी गोष्ट होती, आणि ती सराफाला शोभेल अशीच होती.

"संग्रहाचा, संग्रहाचा म्हणता. पण नाण्याला हात लावणं हा आमचा धंदाच होता. जुन्या रुपयांवर ठसे असतात ना बारीक बारीक, चांदणी, टिंब, फुली? ते कुणाचे? आमचेच. मुघलांचा रुपया, अंकुशी रुपया, सुरती रुपया, शंभर टांकसाळींचे शंभर रुपये बाजारात फिरत होते. प्रत्येकाचा कस वेगळा, झीज वेगळी. सराफ पारखून बघायचा आणि खरं असेल तर आपला ठसा मारायचा. कमी असेल तर बट्टा लावायचा. नावाला बट्टा लागला म्हणतो आपण, तो शब्द आमच्या पेढीवरून गेलाय. आज तुमचे लोक त्या ठशांना नुकसान म्हणतात."

इथे बाईंनी ताबडतोब मान डोलावली. सराफी ठसे असलेला रुपया लिलावात कमी किमतीला जातो हे खरं आहे आणि अनेक जाणकारांना ते खटकतं. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला, त्याआधीच्या बाजाराची हे ठसे म्हणजे हातची नोंद आहे. कुठला रुपया किती पेढ्यांवरून फिरला ते त्या टिंबांवरून वाचता येतं. सराफी ठसा आणि ब्रशची रेघ दोन्ही पृष्ठभागावरचे घाव, पण पहिल्यातून काहीतरी समजतं. दुसऱ्यातून एवढंच समजतं की कुणीतरी घासलं.

एवढ्यात दुकानातला मुलगा चहा घेऊन आला, सोबत ताटलीत तळलेली मिरगुंडं. पेणमध्ये पाहुण्याला मिरगुंड दिल्याशिवाय सोडत नाहीत. बाईंनी एक उचललं, खाल्लं आणि मग रुमालाने एकेक बोट पुसत राहिल्या. समोर सहा-सात रुपये पडलेले असताना त्या बोटांनी त्यांना नाण्याला हात लावायचा नव्हता. मुलगा मात्र ताटली ठेवता ठेवता वाटेतला एक रुपया अंगठ्याने बाजूला सारून गेला.

"थांब," बाई म्हणाल्या. पण ठसा उमटला होता.

बोटाच्या ठशाबद्दल लोकांचा समज असा की तो वरवरचा डाग आहे, फडक्याने पुसला की गेला. दिसायला जातोही. पण घामात नुसतं पाणी नसतं. मीठ असतं, आम्ल असतं, गंधक असलेले सेंद्रिय पदार्थ असतात. त्यात नाकाला, कपाळाला हात लागलेला असला तर चरबीही. हे सगळं बोटाच्या रेघांच्या नक्षीत धातूवर टेकतं. मिठातलं क्लोराइड चांदीला आणि तिच्यातल्या तांब्याला खाऊ लागतं. जुन्या रुपयात चांदी ९१.७ टक्के, बाकी बहुतेक तांबं. चांदीचं क्लोराइड उजेडात काळं पडतं. फोटोच्या जुन्या फिल्ममध्ये चांदीच्या क्षारांचं जे होत असे तेच. म्हणून आज न दिसणारा अंगठा सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी तपकिरी होऊन वर येतो. माणूस म्हणतो, डब्यात ठेवलेल्या नाण्याला डाग कुठून आला?

२००८ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थम्प्टनशायर पोलिसांकडे काम करणाऱ्या जॉन बाँड या शास्त्रज्ञाने हेच गुन्ह्याच्या तपासासाठी वापरून दाखवलं. पितळेच्या काडतुसांवरचे बोटांचे ठसे पुसून, धुऊन टाकले तरी घामातल्या मिठाने धातू खाल्लेला असतो आणि ती नक्षी पुन्हा दिसू शकते, असं त्याने सिद्ध केलं. पोलिसाला जे हवं असतं तेच संग्राहकाला नको असतं, पण धातूचा स्वभाव दोघांसाठी एकच.

"आपल्याकडे तर त्रास दुप्पट," बाई म्हणाल्या. "ओहोटीला अंतोऱ्याच्या बाजूला उभं राहिलं की चिखलाचा तो कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइडचा. चांदी काळी पडते ती त्याच वायूने. पावसाळ्यातली ओल वेगळी. या खाडीकाठच्या खारेपाटातल्या डब्यात ठेवलेली चांदी कोरड्या गावातल्या चांदीपेक्षा लवकर काळवंडणार. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग निळसर आणि शेवटी काळी. थर जाड होत जातो तसतसा रंग बदलतो."

"आणि हा रंग तुम्हाला आवडतो."

"तो आपोआप आलेला असेल तर. पातळ थर खालच्या धातूला झाकतो."

अण्णा हसले, पण त्या हसण्यात चिडवणं नव्हतं. त्यांच्या हातात या वेळी खरंच पक्का पत्ता होता. "बाई, आमच्याकडे ऑक्सिडाइज्ड दागिने कसे करतात ठाऊक आहे? नावच ऑक्सिडाइज्ड. काम सगळं गंधकाचं. गंधकाच्या पाण्यात बुडवा, पाहिजे तेवढं काळं करा, उंच भाग पुसून घ्या. शंभर वर्षांचा तोडा वाटेल. तुमच्या रुपयावरचे निळे-सोनेरी रंग मला कुणी एका दुपारात आणून दिले तर? मग हा सगळा जुन्या रंगाचा मोठेपणा कुठे राहिला?"

हा प्रश्न टाळता येत नाही. रंग चढवलेली नाणी जगभर विकली जातात. भट्टीत, गंधकाच्या वाफेत, रसायनात ठेवून. जिथे रंगाला जास्त भाव मिळतो तिथे रंग विकणारेही तयार होतात. बाईंनी ते कबूल केलं, आणि आणखी एक कबूल केलं, जे त्या सहसा सांगत नाहीत.

संग्राहकांनीच नाण्यांचं किती वाटोळं केलंय, ते. तरुणपणी त्यांनी पहिल्या पगारातून प्लास्टिकच्या खिशांचा एक सुंदर अल्बम घेतला होता. त्यात १९६९ चा गांधी शताब्दीचा दहा रुपयांचा रुपेरी शिक्का होता, १५ ग्रॅमचा, ८० टक्के चांदीचा. वडिलांनी दिलेला. पंधरा वर्षांनी अल्बम उघडला तर गांधींच्या चेहऱ्यावर हिरवट, चिकट थर. पीव्हीसीचं प्लास्टिक जुनं झालं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि मिश्रणातल्या तांब्याला खातं. थर निघाला, पण खाली धातूला पडलेले बारीक खड्डे राहिले. "मी तो घासला नाही, हात लावला नाही, जपून ठेवला," बाई म्हणाल्या, "आणि जपून ठेवल्यानेच गेला." त्या दिवसापासून त्या पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं वापरतात. रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचा कपडा यांपैकी काहीच नाण्याजवळ येऊ देत नाहीत, कारण तिन्हींतही गंधक असतं किंवा असू शकतं.

अण्णा गप्प झाले. बाईंच्या बाजूने एवढा वेळ सिद्धांत येत होते. आता एक दुखरी गोष्ट आली, आणि तिला उत्तर द्यायचं नसतं.

मग त्यांनीच विषय पुन्हा उचलला, जरा वेगळीकडून. "पण सगळे रुपये जपायचेच कशाला? १९१८ चे किती पाडले, कोट्यवधी. माझ्याकडे आठवड्याला एक येतो."

१९१८ च्या रुपयाची गोष्ट अण्णांच्याच बाजूची आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा दुष्काळ पडला, लोक नोटा घेऊन रुपये मागू लागले आणि तिजोरी रिकामी होण्याची वेळ आली. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवायला काढले. सुमारे २७ कोटी डॉलर वितळले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठी गेली. म्हणजे पेणच्या एखाद्या डब्यातल्या रुपयात नेवाड्यातल्या खाणीतली चांदी असू शकते, जी आधी डॉलर होती. धातूला आपला चेहरा बदलायची सवयच आहे, असं अण्णांचं म्हणणं, आणि ते इतिहासाला धरून आहे. पुढे १९४० पासून रुपयातली चांदीच निम्म्यावर आली, बाकी तांबं, निकेल, जस्त. जुने अस्सल चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद झाले. या उलथापालथीत १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले चिंतामणराव देशमुख, ज्यांचं नाव रोह्याच्या महाविद्यालयाला आहे. बाई हे सांगताना थोड्या ताठ बसल्या. रोह्याचा माणूस देशमुखांचं नाव घेताना ताठ बसतोच.

"त्या निम्म्या चांदीच्या रुपयाला तर अजिबात ब्रश लावू नका," त्या म्हणाल्या. "वरचा पांढरा थर गेला की खालून पिवळट धातू दिसतो. मग तो जन्मभर आजारी दिसतो."

"आणि १९१८ चा?"

"झिजलेला असेल तर वितळवा, मोडीत घाला, नातवाच्या वाळ्यात घाला. मला वाईट वाटणार नाही. पण एखादा असा येतो की जो कुणी खर्चलाच नाही. डब्याच्या तळाशी फडक्यात गुंडाळून राहिला. त्याच्यावर तो फिरणारा उजेड अजून असतो. तेवढा ओळखा."

अण्णा उठले आणि मुलाने अंगठा लावलेला तो रुपया त्यांनी उचलून आणला. या वेळी कडेने धरून.

तो १९१८ चाच होता. मागच्या बाजूला, खालच्या कमळाखाली एक उठावदार टिंब. मुंबई टांकसाळीची खूण. कलकत्त्याच्या रुपयाला ते नसतं. बाईंनी दिव्याखाली फिरवला आणि उजेडाचे दोन पट्टे निघाले, मधून कडेकडे, आणि गोल फिरले. दोघेही काही क्षण बोलले नाहीत. मागच्या बाजूला मिरगुंडाच्या तेलाचा मुलाचा अंगठा होता, ताजा. पुढच्या बाजूला, राजाच्या तोंडासमोरच्या मोकळ्या जागेत, दुसरा अंगठा होता. तपकिरी, रेघा स्पष्ट, एका जागी रेघ तुटून पुन्हा सुरू झालेली. किती वर्षांपूर्वीचा, कुणाचा, सांगायला काही नव्हतं.

बाईंच्या पर्समध्ये अ‍ॅसिटोनची काचेची बाटली कायम असते. प्रयोगशाळेतलं शुद्ध अ‍ॅसिटोन. नखांचा रंग काढायचं नव्हे, त्यात तेल, वास, रंग मिसळलेले असतात. अण्णांनी काचेच्या दोन वाट्या काढल्या, प्लास्टिकच्या नव्हेत, कारण अ‍ॅसिटोन बऱ्याच प्लास्टिकला विरघळवतं. बाईंनी दार उघडं ठेवायला सांगितलं, समई विझवायला लावली. अ‍ॅसिटोनची वाफ झटकन पेट घेते.

रुपया वाटीत तळाशी बसला. पाच मिनिटं. मग दुसऱ्या वाटीत स्वच्छ अ‍ॅसिटोन. मग गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, कारण अ‍ॅसिटोन तेल काढतं, मीठ काढत नाही. मिठाला पाणीच लागतं. नळाचं पाणी चालत नाही, त्यातच क्लोरिन. पुन्हा एकदा अ‍ॅसिटोन, म्हणजे पाणी उडून जाईल. बाईंनी नाणं एकदाही पुसलं नाही. मऊ कापसावर ठेवलं, दुसरा कापूस वरून नुसता टेकवला आणि उचलला.

मुलगा दारात उभा राहून बघत होता. आपल्यामुळे काहीतरी झालंय एवढं त्याला कळलं होतं. अण्णांनी त्याला जवळ बोलावलं. "गणपतीच्या कारखान्यात सुट्टीत कामाला जातोस ना? डोळ्यांची आखणी झाल्यावर मूर्ती कशी उचलतात?"

"पाटाला धरून."

"तोंडाला बोट लावलंस तर?"

"मूर्तिकार मारतील."

"तसंच हे," अण्णा म्हणाले. "कडेने धरायचं." पेणमध्ये यापेक्षा चांगलं उदाहरण दुसरं नाही, आणि ते बाईंना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मागची बाजू स्वच्छ झाली होती. मुलाचा अंगठा गेला, उजेड अखंड फिरत होता. पुढची बाजू तशीच होती. तपकिरी अंगठा जराही फिका झाला नव्हता.

"याला माझ्याकडे पाणी आहे," अण्णा हळू आवाजात म्हणाले. दुकानात चांदी उजळायचं आम्ल घातलेलं द्रावण असतं, त्यात बुडवलं की दोन सेकंदांत काळेपणा जातो. "एकदाच बुडवू का?"

"तपकिरी रंग जाईल," बाई म्हणाल्या. "पण तो रंग म्हणजे चांदीच आहे, गंधक आणि क्लोराइडने धरलेली. रंगाबरोबर तीही जाईल. अंगठ्याच्या आकाराचा फिकट, मेलेला डाग राहील. उजेड तिथे अडखळेल. आणि द्रावण नीट धुतलं नाही तर वर्षभराने तिथेच नवा डाग. रेघा मात्र जाणार नाहीत. त्या आत गेल्यात."

अण्णांनी भिंग डोळ्याला लावून तो अंगठा बराच वेळ पाहिला. रेघ तुटलेली जागा पाहिली. खारेपाटातल्या मिठागरावर मजुरी करणाऱ्याचा अंगठा असेल, सावकाराचा असेल, पहिल्यांदा पैसे हातात आलेल्या कुणा बाईचा असेल. त्यांनी द्रावणाची बरणी उघडली नाही.

नाणं काट्यावर गेलं. ११.६४. वहीत नोंद झाली. बाईंनी पॉलिएस्टरचं पाकीट काढून दिलं, अण्णांनी रुपया कडेने धरून त्यात सरकवला आणि पाकिटाला लावायच्या कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं: १९१८, मुंबई, ११.६४, पुढे जुना अंगठा. मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: घासू नये.

डुक्कर रुपया बाईंनी घेतला नाही, अण्णांनी आग्रहही केला नाही. तो त्यांनी कागदात न गुंडाळता देवघरातल्या ताम्हनात ठेवायला मुलाबरोबर घरी पाठवला, दिवाळीपर्यंत. मुलगा निघाला तेव्हा अण्णांनी मागून हाक मारली, आणि त्याने हात वर करून दाखवला. रुपया त्याने कडेला, दोन बोटांत धरला होता.